आतल्या पानांसाठीचा तुकडा

वटार, वसई
८ फेब्रुवारी

प्रिय ज्ञानदा,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच ठेवून देशील, ही भीती आहे. उघडलंस तर शेवटपर्यंत वाच, एवढंच.

आई नाताळाआधी गेली. बहीण ग्लोरिया कॅनडाहून मयताला आली, आठव्या दिवशी परतली. आता घरात मी एकटाच. घरूनच काम करतो, ऑफिसला आठवड्यातून एकदाच जातो. काही दिवस तर दूधवाल्याशी बोललो तेवढंच. आई शेवटपर्यंत विचारायची, "ज्ञानदा का येत नाही रे हल्ली?" मी म्हणायचो, तिला वेळ नसतो.

गोखिवऱ्याच्या त्या ऑफिसात मला काम शिकवलंस तूच. वेबसाइटच्या प्रत्येक पानात मी तोच मजकूर पुन्हा पुन्हा टाइप करायचो. तू हसून म्हणालीस, "अरे, पार्शल कर. तुकडा एकदाच लिही आणि हव्या त्या पानात बोलाव. नावं-पत्ते सर्व्हर भरेल." महिला केंद्राच्या साइटसाठी तू असाच एक तुकडा लिहिलास: डबे करून देणाऱ्या बाईचं नाव, पदार्थ, फोन, पत्ता. वर स्पष्ट टीप होती, फक्त आतल्या, केंद्रातल्यांनाच दिसणाऱ्या पानांसाठी. बाहेरच्या लोकांसाठी दुसरा, नुसत्या नाव-पदार्थाचा तुकडा तू भावाच्या लग्नाहून आल्यावर लिहिणार होतीस.

केंद्राला घाई होती. मी टीप वाचली, आणि तरीही तुझाच तुकडा बाहेरच्या पानात बोलावला. पत्ता दिसू नये म्हणून काही करायला हवं होतं, ते उद्यावर टाकलं. डबे करणाऱ्या सत्यवतीबाईंचा पत्ता दोन दिवस जगाला दिसत होता. ज्या नवऱ्यापासून त्या लपून राहत होत्या, तो नालासोपाऱ्यात त्यांच्या दारात उभा राहिला. शेजारी धावले म्हणून त्या वाचल्या. खोली सोडावी लागली, डबेही बंद झाले.

एका दुपारी आत्माराम सरांनी फाइल उघडली. लिहिणारी म्हणून तुझं नाव होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो. तू पिशवी उचललीस, ती कायमचीच.

परवा ऑफिसात होतो, तेव्हा सरांना कुठल्या तरी कंपनीचा फोन आला. तू तिथे अर्ज केला आहेस. सर म्हणाले, "हुशार आहे, पण बेफिकीर." प्रत्येक पान तीन-तीन मोबाइलवर तपासणारी तू! मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तो बदल कुणी केला, त्याची तारखेसकट नोंद दाखवली. सरांनी त्या कंपनीला परत फोन केला, आणि मला एक तारखेपासून येऊ नकोस म्हणाले. रागावलेही नाहीत.

काल केंद्रात सत्यवतीबाई भेटल्या. मी सांगत होतो, त्या निवडलेली मेथी पुन्हा निवडत होत्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्या मुलीला सांगितलंस का?" मी नाही म्हणालो. "मग माझ्याकडे आधी कशाला आलास?" म्हणून हे पत्र. चूक तुझी नव्हती असं सरांनी लिहून दिलेला कागद सोबत आहे, तो वापर. मला उत्तर देऊ नकोस. तेवढं मागायचा हक्क मी त्या दुपारीच घालवला.

'तुझाच' लिहवत नाही, म्हणून नुसताच,
गॉडफ्रे