सिग्नेताईचा रिपीटर

हेलवीक, ३ मे १९८४

चि. ओडवार यास ताईचे अनेक आशीर्वाद.

कोकरं यंदा दणकट आहेत. तुमचं हौशी रेडिओ मंडळ नवा रिपीटर बर्गनजवळच्या टेकडीवर बसवतंय म्हणे. तिथे तुम्ही खिडकीतून हाक मारलीत तरी एकमेकांना ऐकू जाईल. तो आमच्या ग्रोनुटन डोंगराच्या माथ्यावर हवा. वादळात फोनच्या तारा तुटल्या की पलीकडच्या स्तुरदाल खोऱ्यात तोरुनचा रेडिओ तेवढा उरतो आणि इकडे डॉक्टरांचा, मध्ये डोंगर आडवा. खिंडीच्या तोंडाशी माझं घर, म्हणून तिचा निरोप मी ऐकते आणि डॉक्टरांना सांगते. माथ्यावरचा रिपीटर आवाज झेलून सरळ पलीकडे टाकेल. सभेत माझ्या बाजूनं बोल. लहानपणी माझ्या वाटणीची वॅफल्स खाल्लीस, तेवढं देणं लागतोस.

लोभ आहेच, तो जरा सभेतही दिसू दे.

तुझी ताई, सिग्ने

बर्गन, १२ मे

ति. ताईस सा. नमस्कार.

अध्यक्ष म्हणतात, माथ्यावर बर्फ चढून अँटेना मोडेल, मग हिवाळ्यात दुरुस्तीला वर कोण जाणार? मला ते पटतं. शिवाय तू आहेस ना. इथे सगळे तुला कॉफीवर चालणारा रिपीटर म्हणतात. तो खरा आला, तर तुला कोण विचारील?

आणि फोनवर हल्ली एवढी ओरडतेस का? रविवारी मी कोकरांचं विचारलं, तू हवामान सांगितलंस.

रागावू नये, माया कमी करू नये.

तुझा ओडवार

हेलवीक, १९ मे

चि. ओडवार यास आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. माझा डावा कान गेला, उजवा निघायच्या तयारीत आहे. मार्चच्या वादळात तोरुनच्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. ती हाका मारत होती आणि मला नुसती खरखर ऐकू आली. शेवटी ती स्कीवरून खिंड ओलांडून माझ्या दारात आली. म्हातारा वाचला, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. तिला कानांचं सांगितलं, तर माझ्याच घरात तिनं मला कॉफी करून दिली.

हे सभेत वाचून दाखव. मी लाजत नाही, तूही लाजू नकोस. दुरुस्तीला स्तुरदालची माणसं चढतील. त्यांनी कबूल केलंय.

तुझ्यावर भरवसा ठेवून आहे,

सिग्ने

बर्गन, २ जून

ति. ताईस सा. नमस्कार.

वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग अध्यक्षांनीच विचारलं, बॅटऱ्या वर कोण वाहून नेणार? बहुतेक सगळ्यांचे हात वर. ऑगस्टमध्ये येतो आहोत. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नाही म्हणायचं नाही.

भेटीपर्यंत आशीर्वाद पाठीशी असू दे.

ओडवार

हेलवीक, २३ नोव्हेंबर

चि. ओडवार यास अनेक आशीर्वाद.

परवा वादळात तारा पुन्हा तुटल्या. स्तुरदालला तोरुनच्या शेजारणीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि रस्ता बर्फानं बंद. कानातल्या नव्या यंत्रातून मला वाराच जास्त ऐकू येत होता. मग रेडिओसमोर नुसतं विणकाम घेऊन बसले. कुणी बोललं की हलणारा रेडिओवरचा काटा उठायचा, पडायचा, लगेच पुन्हा उठायचा. माथ्यावरच्या तुमच्या रिपीटरवरून तोरुन विचारत होती, डॉक्टर सांगत होते. शब्द कळत नव्हते, पण मधे माझी गरज नाही हे कळत होतं, आणि ते बरं वाटत होतं, ओडवार.

मग काटा पडला तो पडूनच राहिला. माझ्या सुया थांबल्या. बऱ्याच वेळानं उठला, आणि आता खाली यायचं नावच घेईना. तिकडे सगळे एकदमच बोलत असणार. तेव्हा मी ओळखलं, बाळ आलं.

मुलगी आहे. मोजे मी विणतेय.

सुखी राहा आणि पत्र चांगलं मोठं लिही, डोळे मात्र अजून शाबूत आहेत.

तुझी ताई