ठेवायचं, द्यायचं, भंगार

९ जाने., खारदांडा

आज परत घरी जाऊन आले. मुलुंडला न जाता. लॅपटॉपवरचं व्हीपीएनचं बटण दाबायचं, ते हिरवं झालं की आमच्या टीव्हीखालचा काळा डबा इथून उघडतो. घरातल्या सगळ्यांचे फोल्डर त्यात. मैत्रिणीच्या, रोशनीच्या, माळ्यावर मी पालथी पडलेली, खाली तिची आई सुकट निवडतेय, आणि समोर आमचा हॉल. कपबशांचा ट्रे. पप्पांची छत्री. सगळ्याचे फोटो.

हे सगळं केतकी वहिनीने केलंय. (यापुढे व. पूर्ण लिहायला हात दुखतो.) आयटीत आहे ना. बिल्डिंग पाडणार, फेब्रुवारीत भांडुपला भाड्याने जायचंय, तिकडे जागा निम्मी. म्हणून तिने घरातल्या एकूण एक वस्तूचा फोटो काढला आणि तीन फोल्डर केले. ठेवायचं, द्यायचं, भंगार. आई, दादा, ती, मी, ज्याला जे वाटेल त्याने फोटो ओढून तिथे टाकायचा. २५ तारखेच्या रविवारी रात्री जे जिथे असेल ते पक्कं.

आई फोनवर म्हणाली, केतकीन किती नीट केल्यान बघ. बारावीच्या सुट्टीत मी अख्खं कपाट लावलं होतं. तेव्हा म्हणाली होती, पसारो करून ठेवलंस.

रोशनी म्हणते, अगं रिक्षाने तास-दीड तास लागेल, जाऊन बघून ये ना यार. तिला काय सांगायचं. सहा महिने झाले निघून. भांडण असं झालंच नाही. दादाचं लग्न झालं, आतली खोली त्यांची, मी हॉलमध्ये. मग कुठेच बसवेना. मग बॅग.

१० जाने.

वाट लागली. पप्पांचा कॅरम बोर्ड "द्यायचं"मध्ये.

व.ने फोटोला नाव काय दिलंय तर Carrom_02. म्हणजे दुकानातला माल.

त्याच्या एका खिशाची जाळी फाटली तेव्हा पप्पांनी स्वतःच्या ऑफिसच्या मोज्याचा तुकडा शिवला होता. सोंगटी त्यात पडली की आवाजच यायचा नाही, गुपचूप जायची. रविवारी दुपारी मी आणि ते. दादा चिडायचा, मधेच उठायचा. मी कधी उठले नाही. शाळा, कॉलेज, कामं, सगळीकडून उठले असेन, तिथून नाही.

ओढला, "ठेवायचं"मध्ये टाकला. कुणाला काही बोलले नाही. विषय संपला.

११ जाने.

संपला नाही. सकाळी बघते तर परत "द्यायचं"मध्ये. मी परत ओढला. दुपारी जेट्टीवर गेले, एका होडीला निळा रंग लावत होते, ते बघत बसले, होडीच्या नाकावर डोळे कुठल्या रंगाचे काढायचे यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती. संध्याकाळ झाली. येऊन बघते, परत "द्यायचं".

बरं. मग फोटो मोठा करून बघितला. बोर्डवर पावडर आहे. ताजी. मधे गोल पुसलेली, खेळून झाल्यावर असते तशी. माझा पिवळा स्ट्रायकर कडेला. पप्पा गेल्यापासून त्या बोर्डवर मी सोडून कुणी बोट ठेवलेलं नाही, दादाने तर नाहीच. आणि ही बाई आधी खेळून घेते, मग देऊन टाकते. झकास.

ओढला. उद्या बघू कोण थकतं.

१५ जाने.

काल संक्रांत. डब्यात नवीन फोल्डर: हळदीकुंकू. मी उघडणार नव्हते.

व. काळ्या साडीत. आईची साडी. ती मी एकदा कॉलेजच्या साडी डेला मागितली होती तर म्हणाली, तुका सांभाळूक जमाचा नाय, खिळ्याक अडकवशील. एका फोटोत आई तिच्या पदराला पिन लावतेय. तोंडात दुसरी पिन धरून. हे असं आई फक्त मला करायची, गॅदरिंगला. मी हलले की तोंडात पिन धरूनच ओरडायची.

वाण म्हणून व.ने सगळ्यांना छोटे टॉर्च दिले. बायकांना फार आवडले म्हणे. आवडणारच.

आईचा फोन होता. तिळगूळ घेवक येतस काय. म्हटलं काम आहे. काम नव्हतं. मी रोशनीसोबत पाणीपुरी खात होते.

बोर्ड: द्यायचं. ओढला.

१९ जाने., गोरेगाव

काम मिळालं. रोशनीच्या ओळखीने, स्टुडिओत, एका सिरीयलच्या सेटवर. आर्टवाल्यांच्या हाताखाली. नव्या वस्तू जुन्या करायच्या. चहाचं पाणी, कॉफी, थोडं काळं पॉलिश. आज दिवसभर कोऱ्या उशांवर डाग पाडले. घर मध्यमवर्गीय मराठी, भिंतीवर कुणा अनोळखी माणसाचा हार घातलेला फोटो. आर्टवाले दादा म्हणाले, तुला कसं बरोबर कळतं गं डाग कुठे पडतात. मी म्हटलं घरी बघून बघून.

राहायला जवळच पीजी. चार मुली, एक खिडकी, वायफाय फ्री. एक मुलगी मालाडला कॉल सेंटरला रात्रपाळीला जाते, तिचा पलंग रात्री मला.

२० जाने.

बंद केलं मला.

बटण हिरवं. म्हणजे व्हीपीएन चालू. पण डबा उघडत नाही. सापडत नाही म्हणतो. दहा वेळा केलं. लॅपटॉप बंद-चालू केला. खारदांड्याला रोज उघडत होता, आणि आता, पाच दिवस राहिले असताना, नाही. एवढं कळण्याइतकी शिकलेय मी. बोर्डची भांडाभांडी नको म्हणून बाईंनी कडीच घातली.

फॅमिली ग्रुपवर टाकलं. जसंच्या तसं इथे लिहून ठेवते: "घर तुमचं, डबा तुमचा, कुलूप पण तुमचं. वहिनी, नवरा मिळाला, खोली मिळाली, आई मिळाली. एक बोर्ड तरी सोडायचास."

ग्रुपवर मावश्या पण आहेत हे नंतर लक्षात आलं. डिलीट करणार होते. नाही केलं. बघू देत.

२१ जाने.

दादाचा फोन, सेटवर असताना. मी हातात उशी धरून कोपऱ्यात. म्हणाला, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, मोठ्या मावशीने आईला फोन करून विचारलं घरात काय चाललंय. आई दुपारी जेवली नाही. केतकी काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट. मी म्हटलं तिला बोलायची गरजच काय, बटणं तिच्या हातात. त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी व.चा व्हॉइस मेसेज. ऐकायला वेळ लावला. ऑफिसात असते तसा आवाज, एकसारखा.

"मिथिला, कुणी काही बंद केलेलं नाहीये. तू नवीन जागी गेलीस ना? तिथल्या वायफायचे आकडे आपल्या घरच्यासारखेच असणार, बऱ्याच ठिकाणी सारखेच असतात. त्यामुळे तुझा लॅपटॉप आपला डबा तिथल्याच खोल्यांमध्ये शोधतोय. वायफाय बंद कर, फोनच्या नेटवर लाव, उघडेल. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर लिहायच्या आधी मला फोन कर."

फोनचं नेट लावलं. उघडला.

म्हणजे दोन दिवस मी पीजीच्या चार मुलींमध्ये आमचा हॉल शोधत होते. दुसरं कुणी सांगितलं असतं तर हसले असते. तिने सांगितलं म्हणून हसू पण येत नाही. चूक पण मला धड एकटीची करता येत नाही, तीसुद्धा हीच दुरुस्त करणार.

ग्रुपवर "सॉरी" टाकलं. मावशीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

बोर्ड: द्यायचं. आज ओढला नाही.

२२ जाने.

सकाळी सेटवरून आईला फोन. शूटिंग उशिरा होतं. आधी जेवलीस का विचारलं, ती म्हणाली तू जेवलंस काय. मग सरळ विचारलं, बोर्ड कोण हलवतं?

"मी."

मला वाटलं चेष्टा. हिला फोनचं लॉक काढायला शिकवताना मला घाम फुटला होता.

"तुला येतं?"

"केतकीन शिकवल्यान. माऊस धरूक. दोन दिवस लागले."

आणि खेळतं कोण? तर दोघी. दुपारचं, व. घरून काम करते त्या दिवशी. आई पप्पांसोबत कधी बसली नाही, पोळ्या लाटत बघायची फक्त. आता तिला नेम सांगते म्हणे. केतकीक नेम नाय, पण चिडणां नाय, असं म्हणाली. तिला फोन शिकवताना मी चिडायचे ते आठवून म्हणाली का, माहीत नाही. बोर्ड गेला तर गेला, पण आईसोबतच्या त्या दुपारी. त्या मला कुणी दिल्याच नाहीत.

म्हटलं, एवढं खेळता तर देताय कशाला?

आई म्हणाली, भांडुपाक दारामागे एकच वस्तू मावता. तुझी घडीची खाट नायतर बोर्ड. केतकी म्हणत होती माझा ड्रेसिंग टेबल काढा, दोन्ही ठेवा. आई नाही म्हणाली, माहेरची वस्तू आहे तिची.

मागे कुकरची शिट्टी.

"तुका बोर्ड व्हयो, घर नको. मगे खाट कित्याक ठेवू? तू सांग."

मी फोन ठेवला. शॉट रेडी म्हणून कुणीतरी हाक मारली, बरं झालं. खोटं का लिहा, मला नव्हती मारली.

नंतर "ठेवायचं" उघडून नीट बघितलं. खाट आहे. पहिल्या दिवसापासून तिथेच. फोटोत घडी घालून भिंतीला टेकवलेली, वर माझी निळी चादर धुऊन ठेवलेली. तेरा दिवस मी एवढ्या वेळा ह्या फोल्डरमध्ये आले आणि तिच्याकडे बघितलं नाही.

चादर कुणी धुतली असेल. आईच असेल. आईच असू दे.

२३ जाने.

काम. सेटवर आज कॅरम हवा होता, आर्टवाले दादांनी नवीन आणला, म्हणाले जुना कर. मी म्हटलं मला बरं नाही. खरंच नव्हतं.

मालाडवाली मुलगी म्हणते पुढच्या महिन्यापासून तिला रात्री पण पलंग लागेल. बघू. कुठेतरी होईल. खारदांडा आहेच. रोशनीची आई हसून घेते पण रोशनीचा भाऊ लग्नाचा झालाय.

२५ जाने., मुलुंड

गोरेगाव-मुलुंड लिंक रोडने बस मिळाली, ठरवून नाही. सुट्टी होती. बसमध्ये एक माणूस पिंजऱ्यात दोन लव्हबर्ड घेऊन, एक दुसऱ्याला सारखा टोचत होता, तेच बघत आले, नाहीतर मधेच उतरले असते.

बिल्डिंगच्या आवारात पाण्याच्या टाकीजवळचा बाक. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकी बरोबर डोक्यावर. निम्मे फ्लॅट रिकामे, ग्रिल काढून नेलेले. लॅपटॉप उघडला, बटण दाबायला गेले तर कळलं गरजच नाही. घरचं वायफाय आपोआप लागलंय. पासवर्ड बदललेला नाही. डबा लगेच उघडला, फोटो झरझर येतात, खारदांड्याला एकेक यायचा.

बोर्ड द्यायचं. खाट ठेवायचं. आज रात्री यादी बंद.

वरून आवाज येतोय. टक्, मग सोंगट्या पांगल्याचा. मग आईचं हसणं. ती अशी हसते हे विसरले होते. की माझ्यासोबत अशी हसायचीच नाही? व. काहीतरी म्हणाली, आई म्हणाली, "अगो बोट वाकडा धर, वाकडा." हे पप्पांचं वाक्य. जसंच्या तसं. माझ्या बोटाला धरून म्हणायचे. मला उठून निघून जावंसं वाटलं, लगेच, खारदांड्याला, कुठेही.

उठले नाही.

मग टक् थांबलं. फोनवर मेसेज. व.

"तुझा लॅपटॉप राउटरवर दिसतोय. खाली आहेस?"

मी वर बघितलं नाही. दुसरा आला.

"आईंना नाही सांगितलं अजून. तू सांगतेस का मी सांगू?"

तिलाच आधी कळणार. मी आलेली पण तिलाच. आईला कळायच्या आधी. आणि तरी विचारतेय, सांगू का.

खाटेच्या फोटोवर डाव्या हाताचं बोट दाबून धरलंय, फोटो उचललाय, "ठेवायचं"मधून अर्धा बाहेर आलाय, कुठेच सोडलेला नाही. उजव्या हाताने हे लिहितेय. बोट दुखायला लागलंय. वर कुणीतरी खिडकीचा पडदा सरकवला.