कुलूप एकदाच

४ मार्च
डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे बायकोने आणि मेव्हण्याने, चोराला नेतात तसं. घराचं कुलूप मी तीस-तीस वेळा ओढून बघतो, ही तक्रार. डॉक्टर म्हणाला, ओसीडी. रोज सकाळी एक गोळी, फरक पडायला दोन-तीन महिने. शिवाय होमवर्क: कुलूप एकदाच लावायचं आणि मागे न बघता चालू पडायचं. गोळी आणि कुलूप, दोन्हीची रोज खूण करायला तक्ता दिलाय. मी काय बालवाडीत आहे?
ठरलं. दोन महिन्यांत ठणठणीत होऊन तक्ता मेव्हण्याच्या तोंडावर फेकायचा.

७ मार्च
तीन गोळ्या झाल्या. तोंडाला कोरड, पोटात ढवळतं. फरक शून्य. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो. नंबर सहा वेळा तपासतो, म्हणूनच माझ्या हातचा चष्मा कधी परत आलेला नाही. मालक म्हणतो, परत कुठून येणार, आधी गिऱ्हाइकाला मिळायला नको? मूर्ख माणूस.

१९ मार्च
गोळी आता गरज वाटेल तेव्हाच. आज वाटली नाही. कालही नाही. परवाही.

२ एप्रिल
होमवर्क केला. कुलूप एकदाच लावून निघालो. पण ते 'एकदाच' काही मनासारखं झालं नाही. परत जाऊन पुन्हा एकदाच लावलं. असं चौदा वेळा. तक्त्यात कुलपाचा चौकोन एकच. बनवणाऱ्याला अक्कल नाही.

२० एप्रिल
दीड महिन्याचा तक्ता एका बैठकीत भरला. निळं पेन, काळं पेन, मधेच एखादी खूण घाईत केल्यासारखी तिरकी. यात खोटं काही नाही. गोळ्या घेतल्या असत्या तर खुणा अशाच झाल्या असत्या. बायको बघत होती. हिचं बघणंसुद्धा टोचतं.

१२ मे
मुलीची प्रवेशपरीक्षा. केंद्राचं फाटक नऊला बंद. मेव्हणा गाडी आणतो म्हणाला. ठणकावलं, तिचा बाप जिवंत आहे.
बायको आधीच कामावर गेलेली. आठला कुलूप लावून निघालो. कोपऱ्यावर कुलपाचा आवाज आठवेना. परत. मुलगी म्हणाली, बाबा, लागलंय, मी पाहिलं. तिने पाहिलं, मी कुठे पाहिलं? पुन्हा परत. मी पुढे जाऊ का, म्हणाली. दरडावलं, थांब.
पोचलो ९:०६. वॉचमन आत सोडेना. सहा मिनिटांसाठी! त्याची आई-बहीण काढली. मुलगी म्हणाली, नका भांडू, घरी चला. बसमध्ये वेगळ्या सीटवर बसली.
चूक वॉचमनची.

१३ मे
तिचं वर्ष गेलं. जेवली नाही. मी गोळी घेतली. उगाच.

१६ मे
आपणहून डॉक्टरकडे गेलो, त्याला फैलावर घ्यायला. बायकोही आली. उरलेले चौकोन घरीच भरले होते; तक्ता टेबलावर आपटला. म्हटलं, त्र्याहत्तर दिवस झाले, औषध बोगस आहे. त्याने सगळ्या खुणा पाहिल्या. म्हणाला, इतकं नियमित घेऊनही फरक नाही, म्हणजे डोस वाढवावा लागेल.
बायको म्हणाली, यांनी फक्त नऊ गोळ्या घेतल्यात, मी पाकिटं तपासते. डॉक्टरने मला विचारलं, खरं का?
साफ खोटं आहे, म्हटलं.
अकरा घेतल्यात.