आबांची पुरसीस

धुळे

प्रिय प्रशील,

जयभीम. तुझ्या भाषणाचा व्हिडिओ पाहिला. जळगावच्या वकिलांच्या खोलीत आबांचा फोटो लागला, बरं झालं. फोटोतला कोट मात्र कुणीतरी कॉम्प्युटरवर काळाकुट्ट केलाय. खरा कोट कोपरांवर विटून राखाडी झाला होता आणि आई दर उन्हाळ्यात तो उसवून आतून शिवायची. तू म्हणालास, आबांचा शब्द म्हणजे जणू कोर्टाचा हुकूम, आणि टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत टाळ्या वाजवणारे कोण होते ते मी नीट पाहिलं. हीच मंडळी त्यांना हयातभर ‘पुरसीसवाले आबा’ म्हणून चिडवत होती. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहिते आहे.

पुरसीस म्हणजे काय हे तुला कोण सांगणार! कोर्टाला दिलेली चार ओळींची लेखी खबर. पण आपल्या घरात तो शब्द भांडी आपटल्यासारखा ऐकू यायचा. पक्षकार आला की आबा त्याला आधी पाणी द्यायचे आणि मग आपल्या अहिराणीत एकच विचारायचे, “खरं काय शे? बठ्ठं सांग.” जो सगळं सांगेल, अगदी स्वतःच्या विरोधातलंही, त्याच्यासाठी ते एरंडोलपर्यंत एसटीने उभ्याने जायचे. जो खोटं बोलला असं कळेल, त्याच्या केसमध्ये दुसऱ्या दिवशी पुरसीस: पक्षकाराकडून मला सूचना नाहीत, सबब वकीलपत्रातून मुक्त करावे. खोटेपणाचा बोभाटा नाही, बदनामी नाही. पण सगळ्या कोर्टाला कळायचं की आबांनी हात काढला म्हणजे माणूस खोटा आहे.

वनाकाकांच्या बांधाच्या केसमध्येही त्यांनी तेच केलं. सख्खा भाऊ! काका त्यानंतर आपल्या घरचं पाणीसुद्धा प्याले नाहीत. माझ्या लग्नात त्यांची जागा रिकामी राहिली आणि आई मांडवात सारखी रस्त्याकडे बघत होती. मला तेव्हा आबांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगू, तो अजून पुरता गेलेला नाही. लोकांना ते देवमाणूस वाटायचे, कारण त्या देवमाणसाच्या घरात लोकांना राहावं लागत नव्हतं. तुला तर तुझ्या वयाचे वकील गाड्या उडवताना पाहावं लागलं. तुझी कुचंबणा मला कळत होती. म्हणून तू जिनिंगवाल्या शेठच्या ऑफिसात जायला लागलास तेव्हाही मी गप्प बसले. पोराने जरा सुखात राहावं, एवढंच मनात होतं.

दिवाळीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला आणि मी त्यांना इकडे धुळ्याला आणलं. तू एकदा आलास, दारात उभा राहून रडलास आणि लगेच निघालास, कारण तुला त्यांचं ते वाकडं तोंड बघवेना. मी त्याबद्दल तुला बोल लावत नाही. पण मी तिथेच होते, प्रशील. भरवताना, कुशीवर वळवताना, रोज. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. पाणी हवं असलं तर ते डोळे मिटायचे. ‘प्रज्ञा’ एवढंसुद्धा ते शेवटपर्यंत म्हणू शकले नाहीत, आणि मी त्याची फार वाट पाहिली.

दोन महिन्यांपूर्वी एरंडोलच्या बेबाबाई आल्या. हायवेला लागून त्यांचं घर होतं, आणि त्यांनी ते विकलंय म्हणून शेठने दावा केला होता, तीच आबांची शेवटची केस. कर्जाचा कागद समजून आपण अंगठा दिला होता, हे त्यांनी आबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, म्हणून तर आबांनी केस घेतली. झटक्यानंतर ती केस तू चालवायला घेतलीस, एवढंच मला माहीत होतं. बेबाबाई आबांच्या फोटोसमोर वाकल्या, मेथीच्या दोन जुड्या ओट्यावर ठेवल्या आणि सहज बोलल्या की तडजोडीच्या पुरसीसवर अंगठा दिला, घर सोडलं, आता पारोळ्याला लेकीकडे राहते. मी विचारलं, का केलं असं? त्या म्हणाल्या, “आबा सांगी गयात म्हने, मंग मी नही कशी म्हनू?” आणि मग माझा हात धरून हळूच विचारलं, “आबाले मनी गोट खोटी वाटनी का?”

प्रशील, ही बाई घरासाठी रडत नव्हती. आबांनी हात काढला म्हणजे आपणच कुठेतरी खोट्या असणार, असं ती मानून बसली होती. तू तिला सांगितलंस की तडजोड करा, ही आबांची शेवटची इच्छा आहे. आणि त्यानंतर शेठच्या बाकीच्या केसेस तुझ्याकडे आल्या. जन्मभर घरदार जाळून त्या माणसाने एक शब्द कमावला होता आणि तोच तू वापरलास, त्याची वाचा गेलेली असताना. तुला लाज कशी वाटली नाही? मला वाटते. तुझी बहीण म्हणून वाटते.

हे पत्र मी तुला समज द्यायला लिहिलेलं नाही. बेबाबाईंनी ती तडजोड रद्द व्हावी म्हणून एरंडोलला अर्ज केलाय. झटक्यानंतर आबा बोलू शकत नव्हते, हे माझं प्रतिज्ञापत्र त्याला जोडलं आहे, आणि सोमवारी माझी साक्ष आहे. तुझी सनद जाऊ शकते, हे मला ठाऊक आहे. वनाकाकांसारखा तूही माझ्या घरचं पाणी प्यायचा नाहीस, हेही. तुझा वकील मला तुझ्याविषयी चांगलं काही विचारेल, तर माझ्याकडे तुझ्याकडून काही सूचना नाहीत. सोमवारी न्यायाधीशांच्या आधी तू मला भेटलास, तर मी तुला पाणी देईन आणि एकच विचारीन. ते काय, हे तुला माहीत आहे.

तुझीच, आणि हे खरं शे,
अक्का