टँकरवाल्या लेखाला आई हसली

पप्पा, आपल्या दूध सोसायटीच्या वर्धापनदिनाला परवा तुमच्या माघारी मी तुमचा तो जुना टँकरवाला लेख वाचला. त्याच्या आधी माझा वाचला होता. तोपण दुष्काळावरच, कॉमेडीच, फक्त त्यात नवऱ्यांची मजा घेतलेली. आठवडाभर खपून लिहिला होता. लोक गप ऐकत होते, पंखा तेवढा बोलत होता. मग चेअरमन काका म्हणाले, पोरी, आता तुझ्या बापाचं होऊ दे. मी सुरू केलं, "विहीर आटली, आड आटला, बायकोचं तोंड तेवढं आटंना," आणि अख्खा हॉल हसून लोळायला लागला. मला ते वाक्य तोंडातून काढतानाच घाण वाटत होतं. आणि बघते तर पहिल्या रांगेत आई पदर तोंडाला लावून हसतीय, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. माझ्या लेखाला तिनं नुसती मान हलवली होती.

घरी चालत येताना मी तिला धरलंच. तो दुष्काळ मला अंधुक आठवतो. टँकरची वाट बघत घागरींशेजारी बसलेली ती, तिच्या मांडीवर झोपलेली मी. भांडून पाणी तिनं आणायचं, त्याच पाण्यानं आंघोळ करून तुम्ही स्टेजवर तिच्या भांडणाची नक्कल करायची, यात हसण्यासारखं काय आहे, असं विचारलं. ती चालता चालताच म्हणाली, "तवा न्हाईच हसले मी. लई दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी. टँकरवर बायका त्येच वाक्य म्हणून चिडवायच्या मला."

"मग आता कावून हसतीस?"

"कमरेवर हात ठिवून मान कशी उडवायचे गं ते. हुबेहूब मी. एवढं बघितलं कवा असंल माझ्याकडं?"

बीडला कॉलेजात असल्या जुन्या लिखाणावर बोलून मी बक्षीस घेतलंय, पप्पा. तेव्हाचे लोक हसायचे, आपल्याला त्रास व्हायला पाहिजे, असं ठासून सांगितलं होतं. आईचं उलटंच निघालं. त्रास तिनं तेव्हाच काढला, आता हसू उरलंय, आणि तेपण तुमच्याच वाट्याला.

सेक्रेटरी काकांना स्मरणिकेत तुमचा लेख घ्यायचाय. बायकांचा अपमान आहे, छापू नका, असं मी त्यांना सांगून आले. अपमान आहेच. पण हे कुठं पाठवायचं नाही म्हणून लिहिते, आई माझ्या लेखाला एकदा जरी तशी हसली असती, तर मी बहुतेक तुमचापण छापू दिला असता.