महालक्ष्म्यांपर्यंत मुदत

३ ऑगस्ट, रविवार

गाडी गेली! सोनपेठच्या एका डॉक्टरांनी नेली, टेम्पोवर चढवून. अठरा वर्षं गॅरेजमध्ये उभं राहून तिनं एकच काम केलं – तेल गाळलं. हे फाटकापाशी उभे राहून तिला हात करत होते, लेक सासरी निघाल्यासारखे.

टेम्पो वळला तसं मी सांगून टाकलं की ही आता माझी सुतारकामाची खोली. एकतीस वर्षं फळ्यावर काटकोन काढले. आता एकदा लाकडात काढून बघायचाय. हे म्हणाले, "बरं." ह्यांच्या 'बरं'चा अर्थ मला लग्नाला एकोणचाळीस वर्षं होऊनही लागलेला नाही.

४ ऑगस्ट

लागला. ह्यांनी महारुद्रालाही 'बरं' म्हटलेलं आहे.

महारुद्र म्हणजे अक्कांचा नातू. अक्का म्हणजे पार्वतीबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, मुक्काम जिंतूर, वय शहात्तर. त्यांच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणाचा शब्द जात नाही. महारुद्राला परभणीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचंय आणि आमचं गॅरेज नेमकं रस्त्याला लागून. फोनवर अक्कांनी निकाल दिला: महालक्ष्म्यांना मी येईन, तवर त्या खोलीत घराच्या उपयोगाची एक तरी वस्तू करून दाव. केलीस तर खोली तुझी. न्हाई तर पोराची.

३१ तारखेला महालक्ष्म्या बसतात. सत्तावीस दिवस.

६ ऑगस्ट

खोली रिकामी केली. नियम एकच: सहा महिन्यांत जे वापरलं नाही ते बाहेर. दोन कूलर, त्यांचं कुजलेलं गवत, आमच्या शंतनुची तीनचाकी (शंतनु स्वतः आता दोन लेकरांचा बाप), टायर, कोपऱ्यात गोणपाटात बांधून ठेवलेलं कसलंसं लोखंड. हे सारखे मध्ये येऊन "अगं, ते राहू दे" म्हणायचे, म्हणून त्यांना चक्कीवर पाठवलं. भंगारवाल्याच्या दोन फेऱ्यांत सगळं साफ. याला म्हणतात शिस्त!

९ ऑगस्ट

सिद्धोधन आला. माझा जुना विद्यार्थी, नववीत भूमितीत दोनदा नापास केलेला. आता त्याचं स्वतःचं फर्निचरचं दुकान आहे आणि हाताखाली चार माणसं. फरशी, खिडकी, कामाचं टेबल सगळं तो बघणार आणि मला शिकवणारही तोच. माझ्या हातात रंधा दिला आणि बघत उभा राहिला.

"बाई, उलटा धरायलाव."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला त्यानं शांतपणे विचारलं, पट्टी आणू का. हसला नाही. मीही नाही. पण मान्य करते – चांगला शिकवतो.

१३ ऑगस्ट

खिडकी बसली. इतका उजेड! मागच्या भिंतीवर पाल होती, तीही बिचारी दचकली.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून येऊन स्टूल केलं. तीन पाय जमिनीवर, एक हवेत.

१६ ऑगस्ट

लांब पाय तासले. मग दुसरा लांब निघाला. तो तासला.

१७ ऑगस्ट

स्टुलाचा पाट झाला. हे म्हणाले, "छान आहे. पाट घरात सहा आहेत."

१९ ऑगस्ट



दुपारी हे मुखवटे चिंचेनं घासत बसले होते. सहज म्हणाले, स्टँडही काढून ठेव, गंज आला असेल. मी विचारलं, कुठे आहेत? म्हणाले, गॅरेजमध्ये, कोपऱ्यात, गोणपाटात.

मी माझ्या पाटावर बसले. उपयोगाला आला.

महालक्ष्म्यांचे लोखंडी स्टँड. त्यांवर मुखवटे बसतात, त्यांनाच साड्या नेसवतात. मामंजींनी जिंतूरच्या लोहाराकडून करून घेतलेले. अक्कांना झेपेना म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी महालक्ष्म्या आमच्याकडे दिल्या, तेव्हा त्या गोणपाटाची गाठ त्यांनी स्वतः मारली होती. आणि वर्षातून तीन दिवस लागणारी वस्तू माझ्या सहा महिन्यांच्या नियमात बसली नाही! आयुष्यभर पोरांना सांगत आले, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. मी गाठसुद्धा सोडून पाहिली नाही.

भंगारवाल्याकडे धावत गेले. माल गेल्या आठवड्यातच जालन्याला गेलेला.

२० ऑगस्ट

बाजारातले स्टँड पाहिले. पत्र्याचे. बोट लावलं तर देवी डुलेल. शिवाय आपल्या मुखवट्यांची खोबण जुनी, ह्यांत बसतच नाही. दुकानदार म्हणाला, मुखवटे नवे घ्या. तिथून निघाले.

करायचे तर मलाच. लाकडाचे. आणि अक्कांना कळणारच, कारण साड्या दरवर्षी त्या स्वतः नेसवतात.

२१ ऑगस्ट

माप कुठून आणायचं? गेल्या वर्षीचा फोटो काढला. दोघींच्या मागे देवघराची चौकट आहे. चौकट टेपनं मोजली, फोटो पट्टीनं मोजला, गुणोत्तर मांडलं. सिद्धोधन वाकून बघत होता. म्हणाला, "बाई, हे तवाच असं शिकवायचं होतं."

लागलं मनाला.

२६ ऑगस्ट

सागवान. अंगठ्याला दोन पट्ट्या. झोप उत्तम.

२९ ऑगस्ट

झाले! दोन्ही उभे केले, मुखवटे बसवले. जरासुद्धा हलत नाहीत. फक्त एक स्टँड दोन बोटं उंच भरलाय – फोटो तिरका काढलेला होता, हे आता लक्षात आलं. सिद्धोधन म्हणाला, ज्येष्ठा हाय ना ती, मग उंच असंल की.

३१ ऑगस्ट

अक्का सकाळी आल्या. मी आधीच सांगणार होते. पाणी दिलं, चहा दिला, तोंड उघडेना. एकतीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला लावलं, छडी दाखवून!

अक्का साडी घेऊन बसल्या, निरी घालायला हात आत घातला आणि थांबल्या.

"लाकूड हाय हे."

मी हो म्हटलं.

"अन् मामंजींचे?"

"भंगारात गेले. मीच दिले, न बघता. हे मी केलेत."

 अक्कांनी निरी घातली, पदर काढला, दुसरी नेसवायला घेतली. 

१ सप्टेंबर

पुरण, सोळा भाज्या, चाळीस पानं. अक्का माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलल्या.

२ सप्टेंबर

विसर्जनाच्या अक्षता पडल्या आणि महारुद्र टेप घेऊन शटर मोजायला हजर. अजून काही ठरलं नाही म्हटलं, तर मलाच म्हणाला, "आजी, होते ते घालवले अन् तेच परत केले. यात नवीन वस्तू कोणती झाली?"

मुद्दा बरोबर होता. मला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते. अक्का ओट्यावर सगळं ऐकत बसल्या होत्या. सकाळी बघू म्हणाल्या आणि आत गेल्या.

हत्यारं पुसून खोक्यात भरून ठेवली. सिद्धोधनला परत द्यावी लागतील.

३ सप्टेंबर

सकाळी उठले तर अक्का अंथरुणात नाहीत. त्यांची पिशवी ओट्यावर, भरलेली. गॅरेजचं शटर अर्धं वर. आत अक्का पदर खोचून, पाय रोवून करवत ओढत होत्या. खोकं उघडून सगळं टेबलावर मांडलेलं.

"उभी काय ऱ्हायलीस? लाकूड धर, हलायलंय. अन् महारुद्र्याला फोन कर. दुसरी जागा बघ म्हणावं."

मी धरलं. अक्कांची साडेआठची जिंतूर गाडी निघून गेली.