रानचेरीचा अर्धा ओंडका

टीटर्स खोरं, वेस्ट व्हर्जिनिया
मार्च, चिखलाचे दिवस

प्रिय व्हेल्माताईस,

एका बोटाला पट्टी असलेल्या हाताने धाकट्या डेल्मसचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला अक्रनच्या हवेला सरावला, की हवाच खोकल्याला सरावली? मी उत्तम आहे. (बोटाची काळजी नको. लाकूड तासायची सुरी ओढताना मी खिडकीबाहेर बघत होतो, एवढंच.) तुझी सगळी पत्रं मिळाली. एप्रिल संपायच्या आत घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे कायमचा राहायला ये, साठी उलटलेल्या एकट्या माणसाने डोंगरात बसून करायचं काय, असं तू विचारतेस. तुझं बरोबरच आहे. पण मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर एका लाकडावर अवलंबून होतं आणि ते लाकूड अजून वाळत होतं.

पलीकडच्या उतारावरची ओर्फा प्रॉप्स्ट तुला आठवते ना, ओकीची बायको? ओकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात चर्चच्या पायऱ्यांवर मी तिला सहज (सहज म्हणजे आठवडाभर घोकून) विचारलं, की वसंतात रानलसणीच्या गावजेवणाच्या दिवशी जोडीच्या नेमबाजीत माझ्याबरोबर उभी राहशील का. आता आपल्याकडे जोडीने उभं राहायचं म्हणजे एकच ओंडका मधोमध फोडून दोघांची धनुष्यं करायची, आणि बाईने आपला अर्धा भाग घरी नेला की पुढचं कोणी बोलून दाखवत नाही, पाद्रीबुवा तेवढे लग्न लावायचा आपला काळा कोट उन्हात टाकतात. ओर्फाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "माझ्या बापाचं धनुष्य रानचेरीचं होतं. रानचेरी आणलीस तर बघू. पण तुला झाड ओळखता येईल का रे? तू शाळेची बस चालवायचास तेव्हा तुला शाळासुद्धा ओळखू यायची नाही!" (हे एकदाच झालं होतं, ताई. डोंगरमाथा फुलांनी भरला होता, आणि मुलांपैकी कोणाचीही तक्रार नव्हती.)

तेव्हापासून मी रानचेरीच्या मागे लागलो. खोड कोवळं असेल तर साल गुळगुळीत आणि तिच्यावर आडव्या बारीक रेघा, जून झालं की करपलेल्या बटाट्याच्या कापांसारख्या खपल्या. पानाच्या पाठीवर मधल्या शिरेला तांबूस लव असते, दाजींच्या कानात असते तशीच. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) आणि डहाळी नखाने खरवडली की कडू बदामाचा वास. एवढं पाठ करून मी सप्टेंबरात वरच्या रानात गेलो, आणि खरोखरच सापडलं मला झाड! पान उलटून पाहिलं, लव होती. मग म्हटलं, एवढं नशिबाने भेटलंय तर घटकाभर खाली टेकू. काय सांगू तुला ते सुख! ऊन पानांतून गाळून येत होतं, खाली शेवाळ मऊ होतं, आणि वरून एकेक चेरी टपकन माझ्या शर्टावर, कपाळावर पडत होती. वारा तर अजिबात नव्हता. मला वाटलं, झाडाला मी आवडलोय. डोळे मिटले, आणि अर्धवट झोपेत मला दोन धनुष्यं शेजारी शेजारी भिंतीला लावलेली दिसली, खिडकीत कोणीतरी बाई भांडी पुसत होती, आणि ते घर आपलंच होतं. त्या सुखात मी किती वेळ होतो कोण जाणे. मग फांदी कडाडली, मी वर पाहिलं, तर पानांत एक काळीकुट्ट अवाढव्य पाठ!

अस्वलाला चेरी आवडते हे पोरासोरांना ठाऊक आहे, मला तेव्हाच नेमकं ते आठवायचं राहिलं होतं. पळालो. पण पळता पळता ध्यानात आलं की खूण राहिली, पानं झडल्यावर हे झाड सापडणार कसं? म्हणून (माझ्या धैर्याची नोंद घे) मी परत फिरलो, डोळे गच्च मिटून हाताला लागलेल्या खोडाला रुमाल बांधला, आणि जो सुटलो तो थेट ओसरीवर येऊन थांबलो. पुढे दर रविवारी चर्चबाहेर ही गोष्ट मला सांगावी लागली. लोकच विचारायचे. अस्वलाचं वजन दर रविवारी थोडं वाढत गेलं, ते मी नाकबूल करत नाही.

जानेवारीत रुमालाचं झाड पाडलं. तेव्हा मला असं पडसं झालं होतं की स्वतः कडू बदाम जरी नाकात शिरला असता तरी कळलं नसतं. पण साल आडव्या रेघांची, आतला गाभा लालसर, मन तृप्त झालं. ओंडका सरळ फुटला. एक भाग कोपऱ्यात उभा ठेवला आणि दुसरा मी शेडमधल्या शेगडीजवळ बसून तासायला घेतला. ओर्फा अधूनमधून येऊ लागली. पहिल्याच दिवशी दारात थबकली आणि नाक मुरडून म्हणाली, "कंबरेला मलम चोळलंस वाटतं? सगळी शेड घमघमतेय!" मी म्हटलं, माझी कंबर ठणठणीत आहे. ती म्हणाली, लाजायचं काय त्यात, ह्या वयात होतंच. पुढच्या खेपेला घेवड्याची उसळ, मक्याचा पाव आणि लोकरी पट्टा घेऊन आली. अख्खा हिवाळा मी तिच्यासमोर ताठ बसून काढला, त्यानेच शेवटी कंबर धरली.

आज सकाळी माझं धनुष्य पूर्ण वाकलं, ताई! दोन्ही टोकं सारखी वळली, कुरकुर नाही, तडा नाही. मी लहान पोरासारखा ओरडलो. ओर्फा शांतपणे म्हणाली, "छान झालंय. फक्त हे रानचेरीचं नाही. हा काळा भूर्ज आहे. मलमाचा वास ह्याचाच येतो." मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "सप्टेंबरात. तू भलत्याच झाडाला रुमाल बांधलास तेव्हा मी वरूनच बघत होते." मी विचारलं, वरून म्हणजे कुठून? "चेरीवरून! व्हिस्कीत मुरवायला चेऱ्या काढत होते, ओकीचा काळा कोट घालून. बादलीची कडी दातांत होती, नाहीतर हाक मारली नसती का? आणि काय रे, शेवटी शेवटी मला पाचशे पौंडांची केलीस तू!"

मी विचारलं, मग इतके महिने बोलली का नाहीस. तिने शेगडीत एक ढलपी सारली. मग म्हणाली, "तू एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेतोस का, ते बघायचं होतं." आणि उठून तिने कोपऱ्यातला दुसरा भाग उचलला, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून नजर फिरवली, आणि म्हणाली, "पण अट चेरीची होती."

तर असं सगळं आहे. अक्रनला येण्याचं काय ते लवकरच कळवतो. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
डेल्मस

ता. क. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, रानलसणीच्या जेवणाला, गाडी घेऊन ये, पण माझं सामान न्यायला नव्हे. जोडीतल्या बाईच्या हातात पहिला बाण पुरुषाच्या घरच्या थोरल्या बाईने द्यायचा असतो, आणि आपल्या घरात आता तूच आहेस. चढ आहे, तुझे गुडघे आहेत, सगळं ठाऊक आहे. मी खुर्ची घेऊन तुझ्या मागे चालेन, वाटेल तिथे बस.

आणखी ता. क. ओर्फा हो म्हणाली असं तुला वाटलं असेल. ती काहीच म्हणालेली नाही, कारण चेरीऐवजी भूर्ज चालेल का, हे मी विचारलेलंच नाही. ती आत्ता शेडमध्ये तो अर्धा भाग मांडीवर घेऊन बसली आहे, आणि मी कॉफी आणतो सांगून स्वयंपाकघरात आलो तो हे लिहीत बसलो. दोनदा हाक येऊन गेली. ("डेल्मस, कॉफी करतोयस की कॉफीचं झाड लावतोयस?") मला फार भीती वाटते, ताई. आता पाकीट न चिकटवता उठतो आणि विचारतो. नाही म्हणाली तर हा कागद चुलीत जाईल, आणि ट्रंक घेऊन मीच तुझ्या दारात उभा राहीन. तेव्हा हे पत्र जर तुझ्या हातात पडलं असेल, तर वेळेवर नीघ.